घरी गाडीचं इंजिन उतरवायचंय? आधी टेप काढा, क्रेन नंतर

घरी इंजिन उतरवणारे बहुतेक जण एकच चूक करतात आणि ती पहिल्याच दिवशी करतात. ओळखीत कुणाकडे तरी चेन ब्लॉक (साखळी ओढून वजन उचलायची कप्पी) असतो, किंवा क्रेन भाड्याने मिळते असं कळतं, ती वस्तू घरी येते, आणि मग तिच्या हिशोबाने गाडी, जागा, माणसं सगळं बसवायला जातात. निम्म्यात आल्यावर कळतं की क्रेनचे पाय गाडीखाली शिरतच नाहीयेत, किंवा इंजिन बाहेर यायला अजून चार इंच पाहिजेत आणि वर स्लॅब आहे. तोवर सगळे पाईप सुटलेले असतात, कूलंट सांडलेलं असतं, गाडी ना इकडची ना तिकडची, आणि मग जुगाड सुरू होतो. माणसाला लागतं ते या जुगाडातच.

क्रम असा पाहिजे: इंजिन कुठून निघणार ते आधी, मग गिअरबॉक्ससकट काढायचं की वेगळं, मग डोक्यावर काय आहे आणि पायाखाली काय आहे, आणि सगळ्यात शेवटी कशाने उचलायचं. मी खाली बरीचशी उदाहरणं मारुती ८०० ची देतोय कारण तीच घरी सगळ्यात जास्त उघडली जाते आणि माझे हातही तिच्यावरच काळे झालेत. जिथे दुसऱ्या गाडीला वेगळं आहे तिथे तसं लिहिलंय.

पायरी १: खरंच इंजिन उतरवायला हवं का

हे विचारायला बावळट वाटतं पण विचारा. नुसती क्लच प्लेट बदलायची असेल तर पुढचं चाक चालवणाऱ्या बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स खाली उतरवून काम होतं, इंजिन जागेवरच राहतं. हेड गॅस्केट, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप यांनाही बहुतेक गाड्यांत इंजिन काढावं लागत नाही. क्रँक शाफ्टचं काम, रिबोअर (झिजलेले सिलिंडर आतून घासून मोठे करणं), पूर्ण ओव्हरहॉल किंवा दुसरं इंजिन टाकणं असेल तर मात्र पर्याय नाही.

दुसरं इंजिन टाकणार असाल तर आधीच लक्षात ठेवा, आरसीवर इंजिन नंबर असतो आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओकडे नोंदवावा लागतो. जुन्या बाजारातून कागद नसलेलं इंजिन आणून बसवलं की गाडी विकताना किंवा विम्याच्या क्लेमच्या वेळी तोंडघशी पडता.

पायरी २: वरून की खालून

बॉनेट उघडून इंजिनाच्या चारी बाजूंना बघा. वरून काढायला आडवं काय येतंय? रेडिएटर, पंखा, वरची पट्टी, बॅटरी ट्रे, एअर फिल्टरचा डबा हे सगळं सुटणारं असतं, त्याचा विचार करू नका. न सुटणाऱ्या गोष्टी बघा, म्हणजे बॉडीचे दोन्ही बाजूचे उभे भाग, मागची भिंत आणि स्टिअरिंग रॅक.

मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, आडवं बसवलेलं, आजूबाजूला हात घालायला भरपूर जागा. ते वरून आरामात निघतं. पद्मिनी, अँबेसिडर, जिप्सी, जुनी जीप यांची इंजिनं उभी म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेली असतात, तीही वरूनच निघतात पण त्यांना पुढे ओढून तिरकं करून काढावं लागतं. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं आणि नॅनोचं मागे, या दोन्ही खालून उतरवायच्या गाड्या. तिथे वरून क्रेन लावायचा विचारही करू नका.

नव्या गाड्यांचं वेगळं आहे. बऱ्याच गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि खालचा सबफ्रेम (ज्यावर हे बसतं ती लोखंडी चौकट) कारखान्यात एकत्र खालूनच बसवतात आणि मॅन्युअलमध्ये काढायचा रस्ताही खालूनच दिलेला असतो. अशा गाडीत वरून ओढून बघणं म्हणजे दोन दिवस जास्त आणि चार कपलर (वायरींचे जोड) तुटलेले. आपल्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा आणि इंजिन काढण्याचं पान वाचा, निदान चित्रं तरी बघा.

तपासा: टेपने इंजिन आणि गिअरबॉक्सची एकत्र लांबी मोजा, मग बॉनेटखालच्या खड्ड्याची आतली रुंदी मोजा. दोन्ही बाजूंना मिळून पाच-सात सेंटीमीटर मोकळं नसेल तर सरळ वर येणार नाही, एक टोक खाली घालून तिरकं काढावं लागेल, किंवा गिअरबॉक्स आधी वेगळा करावा लागेल.

पायरी ३: गिअरबॉक्स सोबत की वेगळा

यावर गॅरेजवाल्यांत कायम वाद. माझं मत सांगतो, आडव्या इंजिनाला दोन्ही एकत्रच काढा. एकत्र काढलं की गाडीखाली झोपून बेल हाऊसिंगचे (गिअरबॉक्सचा इंजिनाला जोडणारा घंटेसारखा भाग) अवघड बोल्ट सोडायची कटकट वाचते, आणि परत बसवताना तर जास्तच सोपं, कारण क्लच प्लेटचं सेंटर जमिनीवर नीट बसून जुळवता येतं.

उभ्या इंजिनाला मात्र गिअरबॉक्स गाडीतच ठेवून नुसतं इंजिन पुढे ओढणं घरी जास्त सोयीचं. एकत्र काढलं तर लांबी इतकी होते की जवळजवळ पंचेचाळीस अंशात तिरकं करावं लागतं, वर उंची जास्त लागते आणि क्रेनचा हात पूर्ण लांबवावा लागतो.

वेगळं करताना दोन चुका कायम होतात. पहिली, इंजिन सुटल्यावर गिअरबॉक्सला खालून आधारच दिलेला नसतो, तो लोंबकळतो आणि मागची माउंटिंग (बॉडीवर टेकवणारा रबरी आधार) फाटते. दुसरी, इंजिन वाकडं झालं की त्याचं वजन गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर (क्लचमध्ये शिरणाऱ्या दांड्यावर) येतं आणि क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो. इंजिन आणि गिअरबॉक्समधली फट चारी बाजूंनी सारखी उघडली पाहिजे, वर दोन सूत आणि खाली अर्धा इंच असं दिसलं की थांबा आणि जॅकने लेव्हल करा.

इशारा: टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक असेल तर कन्व्हर्टरचे बोल्ट आधी सोडा आणि कन्व्हर्टर गिअरबॉक्सकडेच राहू द्या. तो इंजिनासोबत ओढला गेला तर आतला पंप खराब होतो. एएमटी (साध्या गिअरबॉक्सचे गिअर आपोआप बदलणारी) गाडीत आत साधा क्लचच असतो, तिला हे लागू नाही.

पायरी ४: डोक्यावर आणि पायाखाली मोजा

इथे जास्त वेळ घालवा, खरंच. कागद पेन्सिल घेऊन बसा.

उंचीचा हिशोब असा. इंजिनाचा तळ गाडीच्या पुढच्या पट्टीच्या वरून जायला पाहिजे. समजा पट्टी जमिनीपासून ८० सेंटीमीटर. इंजिनाची स्वतःची उंची ६०. त्याच्या वर साखळी किंवा पट्टा ४०. चेन ब्लॉक पूर्ण गुंडाळलेला असतानाही हुकापासून हुकापर्यंत ३५ धरा. वर हलवायला मोकळी जागा १०. झाले २२५ सेंटीमीटर, म्हणजे साडेसात फुटाला थोडं कमी. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गाडीला टेप लावूनच भरा. अजून एक गोष्ट सगळे विसरतात, इंजिनाचं वजन निघालं की पुढच्या स्प्रिंगा मोकळ्या होतात आणि गाडीचं नाक दोन-तीन इंच वर येतं. म्हणजे तुम्ही इंजिन वर घेता आणि गाडी त्याच्या मागे मागे वर येते. ते दोन-तीन इंचही हिशोबात घाला.

आता जमीन. क्रेनची चाकं लहान आणि लोखंडी असतात. कोब्यावर किंवा गुळगुळीत सिमेंटवर ती पळतात, शहाबादी फरशीच्या सांध्यात अडकतात, पेव्हर ब्लॉकवर दोनशे किलो घेऊन हलतच नाहीत, आणि मातीच्या अंगणात सरळ रुततात. फरशी किंवा पेव्हर असेल तर क्रेन जागेवर उभी ठेवून गाडी मागे ढकलायची, क्रेन ढकलायची नाही. एवढी एक गोष्ट आधी ठरवली तरी अर्ध्या अडचणी संपतात.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर दोन गोष्टी बघा. उतार किती आहे, आणि किती दिवस गाडी तिथे उघडी पडून राहणार. इंजिन मशिन शॉपला गेलं की आठवड्याचे तीन आठवडे होतात आणि तोवर सेक्रेटरींचा तिसरा निरोप आलेला असतो. आधीच बोलून ठेवा.

तपासा: गाडीच्या पुढे निदान दहा फूट मोकळी जागा आहे का? मागे गाडी ढकलायला पाच फूट? चिकटपट्टीचं गोल रीळ जमिनीवर उभं ठेवा, आपोआप घरंगळलं तर ती जागा नको.

पायरी ५: आता साधन निवडा

क्रेन

जमीन कडक आणि सपाट असेल तर डोळे झाकून हीच. घडी होणारी हायड्रॉलिक क्रेन बहुतेक दोन टनांची म्हणून मिळते. पण दोन टन हा आकडा हात पूर्ण आखडलेला असतानाचा. हातावर भोकं असतात, एकेक भोक पुढे सरकलं की क्षमता उतरते, साधारण २०००, १५००, १००० आणि शेवटच्या भोकावर ५०० किलो. एक टनाची घेतलीत तर शेवटच्या भोकावर २५० च राहतात. ८०० च्या इंजिनाला तेही पुरतं, जिप्सीच्या गिअरबॉक्ससकट इंजिनाला मी शेवटच्या भोकावरची एक टनवाली वापरणार नाही.

भाड्याने आणताना तिथेच हँडल मारून हात वर घ्या, त्यावर माणूस लोंबकळवा आणि पाच मिनिटं थांबा. हात हळूहळू खाली येत असेल तर सील गेलंय, दुसरी मागा. पायांची उंची मोजा आणि घरी गाडीच्या बंपरखाली तेवढी जागा आहे का ते आधीच बघून जा.

तिवई आणि चेन ब्लॉक

मातीचं अंगण, शेतातलं घर, क्रेन मिळत नाही अशा ठिकाणी हा खरा पर्याय. तीन जाड पाईप, वर पिन, मध्ये एक टनाचा चेन ब्लॉक. कोल्हापुरात उद्यमनगरात किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला चेन ब्लॉक विकत मिळतोच, पण एकदाच्या कामाला तुमच्या गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन दिवसांसाठी आणा, बोअरची मोटर काढणाऱ्यांकडे तर तिवईसकट असतो.

दहा फुटी पाईप घेऊन पाय मधल्या बिंदूपासून सव्वा-सव्वा मीटर बाहेर टाकले तर टोक साधारण पावणेतीन मीटरवर येतं, वरच्या हिशोबाला पुरतं. तिन्ही पाय तळाशी साखळीने एकमेकांना बांधायचेच बांधायचे, नाहीतर वजन आलं की ते पसरतात. पण बांधलेली साखळी गाडी मागे ढकलताना पुढच्या चाकाला आडवी येते! इंजिन हवेत, गाडी साखळीला अडलेली, असं झालंय माझं. साखळी जमिनीला टेकलेली ठेवा, तिच्या दोन्ही बाजूंना फळीचे छोटे उतार करा आणि इंजिन उचलायच्या आधी रिकामी गाडी एकदा पुढेमागे ढकलून बघा.

मातीवर प्रत्येक पायाखाली फूटभर लांबीरुंदीची जाड फळी किंवा लोखंडी प्लेट पाहिजे. मी पहिल्यांदा केलं तेव्हा मे महिना होता, जमीन दगडासारखी, म्हणून नुसत्या विटा ठेवल्या. आदल्या रात्री वळीव पडला. सकाळी वरून कोरडं वाटत होतं. इंजिन वीतभर वर आलं आणि एक पाय कचकन चार बोटं खाली गेला, इंजिन झोक्यासारखं फिरलं आणि डिस्ट्रिब्यूटर कॅप मागच्या भिंतीवर आपटून फुटली. कॅपवर निभावलं. त्या भिंतीवर तेव्हा माझा हात होता आणि दोनच सेकंद आधी काढला होता.

पोर्चचा हुक, झाडाची फांदी, पत्र्याची शेड

झोपाळ्याच्या हुकाला इंजिन टांगू नका. तुम्ही म्हणाल झोपाळ्यावर चार माणसं बसतात की. बसतात, पण चार हुकांवर बसतात, आणि तुम्ही सगळं वजन एकावर टाकणार, वर चेन ओढताना झटके देणार. तो हुक स्लॅबच्या सळईला वळवून बांधलाय की नुसता मागून ड्रिल मारून ठोकलाय हे बाहेरून कळत नाही. पत्र्याच्या शेडचा अँगल हा पत्रा आणि वारा पेलायला असतो. आंब्याची फांदी जाड दिसते आणि आतून पोखरलेली असते. या तिन्हींनी इंजिनं निघालेली आहेत हे मला माहीत आहे, तरी नको.

पाईप आणि चार माणसं

८०० चं रिकामं इंजिन, म्हणजे गिअरबॉक्स, सेल्फ, अल्टरनेटर सगळं काढलेलं, साखळीत पाईप घालून माणसं उचलतात, गॅरेजमध्ये रोज उचलतात. त्यांना सवय असते, कुणी कधी सोडायचं ते न बोलता कळतं. तुमच्याकडे मेव्हणा, शेजारी आणि कॉलेजचा मुलगा असणार. फेंडरवरून वाकून वजन उचललं की कमरेचं काम होतं. मी हा पर्याय सुचवत नाही.

खालून उतरवणं

इथे इंजिन जागेवर राहतं आणि गाडी वर जाते. इंजिन चाकांच्या मजबूत पाटावर टेकवायचं, माउंटिंग सोडायच्या, आणि गाडीची बॉडी इतकी वर घ्यायची की इंजिन खालून सरकून बाहेर येईल. बंपरखाली निदान ७५ सेंटीमीटर मोकळे लागतात. आपल्याकडे मिळणारे साधे जॅक स्टँड, ज्यांना गॅरेजवाले घोडी म्हणतात, ते पूर्ण उघडून चाळीस-बेचाळीस सेंटीमीटरवर संपतात. मग लोक त्याखाली विटा लावतात, काँक्रीटचे ब्लॉक लावतात. वीट आणि ब्लॉक कडेने दाबले की इशारा न देता फुटतात. उंच घोडी भाड्याने मिळत नसतील, तर खालून निघणाऱ्या गाडीचं हे काम दोन खांबी लिफ्ट असलेल्या गॅरेजात जागा भाड्याने घेऊन करा, यात काही कमीपणा नाही.

तपासा: जे साधन निवडलंय त्याला इंजिनाआधी सिमेंटची पोती टांगा. पोतं ५० किलोचं असतं, चार पोती पाटावर बांधून वीतभर उचला आणि अर्धा तास तशीच ठेवा. पाय रुततोय का, पाईप वाकतोय का, क्रेनचा हात उतरतोय का बघा. याच पोत्यांवर खाली सोडायचा व्हॉल्व्हही शिकून घ्या, तो पाव आट्याहून जास्त फिरवला तर वजन दाणकन खाली येतं.

पायरी ६: सोडवायचा क्रम

आदल्या दिवशी इंजिन धुवून घ्या, तेलकट नट दिसतही नाही आणि पाना निसटतो. गंजलेल्या बोल्टांवर, खास करून सायलेन्सरच्या, रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. मोबाईलवर प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा, आणि दहा काढलेत तर अजून वीस काढा.

१. चाकं जमिनीवर असतानाच, हँडब्रेक ओढून, चाकांचे नट आणि लागणार असेल तर हबचा मोठा नट सैल करा. गाडी वर घेतल्यावर त्यावर लटकू नका.

२. एमपीएफआय गाडीत (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या) पेट्रोल लाईनमध्ये दाब असतो. पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, गाडी चालू करा आणि आपोआप बंद पडू द्या, मग एक-दोनदा सेल्फ मारा. पाईप सोडताना तरीही फडकं धरा.

३. बॅटरीची निगेटिव्ह आधी, पॉझिटिव्ह नंतर. बॅटरी घरात नेऊन ठेवा.

४. बॉनेटच्या बिजागरीभोवती मार्करने रेघ मारा आणि दोघांनी मिळून बॉनेट काढा.

५. गार इंजिनातून कूलंट, मग इंजिन ऑईल, मग गिअर ऑईल. कूलंट उघडं ठेवू नका, गोडसर असतं आणि विषारी, गल्लीतली कुत्री चाटतात. जळकं ऑईल गटारात नको, डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, त्याच्याकडे ते नेणारे येतात.

६. एसी असेल तर गॅसचे पाईप सोडू नका. कॉम्प्रेसर त्याच्या ब्रॅकेटवरून सोडा आणि पाईपांसकट बाजूला तारेने बांधून ठेवा.

७. केबल, व्हॅक्यूम पाईप, कपलर. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून एकच नंबर टाका. लक्षात राहील म्हणणाऱ्यांच्या गाड्या महिन्याभराने टो होऊन गॅरेजला जातात.

८. सायलेन्सर मॅनिफोल्डपासून (इंजिनाला लागून असलेल्या ओतीव पाईपपासून) सोडा, रेडिएटर काढा, गिअर लिंकेज सोडा.

९. ड्राईव्ह शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारे दांडे. आतलं टोक गिअरबॉक्समधून जाड टॉमीने उचकटून काढायचं, शाफ्ट धरून ओढायचा नाही, ओढला की आतला जॉईंट सुटून गोळ्या पडतात. बाहेरचं टोक हबमध्येच राहू द्या आणि शाफ्ट तारेने बॉडीला बांधा, लोंबकळू देऊ नका. बाहेरचंही टोक काढलं तर त्या चाकावर गाडी टेकवू किंवा ढकलू नका, बेअरिंग जातं. गाडी मागे ढकलायचा बेत असेल तर हे फार महत्त्वाचं.

इशारा: शाफ्ट निघाले की गिअरमध्ये टाकलेली गाडीही मोकळीच असते. आता तिला फक्त हँडब्रेक धरून ठेवतोय. मागच्या दोन्ही चाकांना पुढून मागून लाकडी ठोकळे लावा.

इशारा: सीएनजी गाडी असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि किट सोडवायला किट बसवणाऱ्यालाच बोलवा. २०० बारच्या लाईनवर पाना लावायचा नसतो, भले तुम्ही बाकी सगळं स्वतः करत असाल.

पायरी ७: बांधणं

इंजिनाला कंपनीचे दोन हुक असतात, शक्यतो तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत. तेच वापरा. एखादा काढून कुणी फेकलेला असेल तर हेडवरच्या किंवा ब्लॉकवरच्या जाड भोकात, डोक्यावर ८.८ छापलेला बोल्ट पूर्ण आट्यांनी बसवा आणि मोठं वायसर टाकून साखळी धरा. इनटेक मॅनिफोल्डला, प्लॅस्टिक कव्हरला किंवा सेल्फच्या बोल्टला साखळी बांधायची नाही.

नायलॉन दोरी नको. पट्टा वापरणार असाल तर जांभळा एक टनाचा, हिरवा दोन टनाचा, लेबल फाटलेला घेऊ नका आणि लोखंडाच्या धारेवरून जात असेल तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घाला.

साखळी आखूड घेऊ नका. उंची वाचवायला लोक ती इतकी आखूड घेतात की ती जवळजवळ आडवी होते. इंजिन १२० किलोचं असेल आणि साखळी आडव्याशी ६० अंश करत असेल तर प्रत्येक बाजूवर ७० किलोच्या आसपास ताण येतो. तीच ३० अंशावर आणली तर प्रत्येक बाजूवर पूर्ण १२० किलो, आणि वर हुक आतल्या बाजूला वाकायला लागतात.

पायरी ८: उचलणं

आधी साखळी फक्त ताठ करा, म्हणजे वजन साखळीवर येईल पण इंजिन हलणार नाही. मगच माउंटिंगचे बोल्ट काढा. बोल्ट हाताने फिरत निघाला तर ताण बरोबर आहे, हातोडा लागत असेल तर थोडं वर खाली करा. माउंटिंग आधी सोडून मग साखळी लावणारे बघितलेत मी, एकाच माउंटिंगवर लटकलेलं इंजिन बघून पोटात गोळा येतो.

मग एकेक इंच. दर दोन इंचांनी थांबून एकाने टॉर्च घेऊन पूर्ण फेरी मारायची. क्रेनवर एक, इंजिन सावरायला एक, बघायला एक, तीन माणसं पुरतात, आणि "थांब" हा शब्द कुणीही म्हटला तरी क्रेनवाल्याने थांबायचं. हात कधीही इंजिन आणि बॉडीच्या मध्ये नाही, खाली तर नाहीच. सावरायला बेल हाऊसिंगला दोरी बांधा आणि लांबून धरा.

बहुतेक वेळा राहिलेली असते ती अर्थिंगची वायर. गिअरबॉक्सच्या मागून बॉडीला जाणारी, काळी, तेलाने माखलेली, वरून दिसत नाही. गेल्या वेळी आम्ही हँडल मारत होतो, गाडीचं नाक वर येत होतं, आम्हाला वाटलं स्प्रिंगा मोकळ्या होतायत, छान चाललंय. मग टिक-टिक असा बारीक आवाज यायला लागला. टॉर्च मारली तर ती वायर सतारीच्या तारेसारखी ताणलेली आणि तिच्या टोकाचा थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) एकेक तार सोडत होता. अजून दोन हँडल मारली असती तर ती तुटून सरळ तोंडावर.

तपासा: माउंटिंगमध्ये बोटभर फट पडल्यावर थांबा आणि या जागा टॉर्च मारून तपासा: अर्थिंग, स्पीडोमीटर केबल, रिव्हर्स लाईटचं कपलर, ऑईल प्रेशर स्विच, हीटरचे दोन पाईप, क्लच केबल. या सहापैकी एक तरी राहिलेलं असतंच.

आडवं इंजिन गिअरबॉक्ससकट काढताना गिअरबॉक्सची बाजू थोडी खाली झुकवा, दुसरी बाजू आधी वर येऊ द्या. पट्टी ओलांडली की गाडी मागे ढकला. ढकलताना एक जण आत बसून हँडब्रेकवर.

पायरी ९: खाली ठेवणं

इंजिन बाहेर आलं की सगळे खूश होतात, फोटो काढतात, आणि ते तसंच पाच फुटांवर लटकत राहतं. लगेच खाली घ्या. क्रेन थोडी जरी हलवायची असली तरी इंजिन गुडघ्याच्या खाली आणून मगच.

चेंबरवर (तळाच्या ऑईलच्या भांड्यावर) टेकवू नका, पत्र्याचा असतो, दबतो, आणि आतल्या ऑईलच्या जाळीला लागतो. जुना टायर आडवा टाका आणि त्यावर ठेवा, इंजिन हलतही नाही. स्टँडवर चढवणार असाल तर फ्लायव्हील काढावं लागतं, आणि बोल्ट आपल्या जाडीच्या निदान दीडपट लांबी आत गेला पाहिजे, म्हणजे १० चा बोल्ट १५ मिलीमीटर आत. साखळी मोकळी करायच्या आधी सगळे बोल्ट आवळा, नंतर नाही.

इनटेक, एक्झॉस्ट, पेट्रोल पाईप, गिअरबॉक्समध्ये शाफ्टची भोकं, सगळ्यांत स्वच्छ फडकं कोंबून वर टेप मारा. फडकी मोजून ठेवा आणि आकडा टेपवरच लिहा. बोल्ट प्रत्येक जागेचे वेगळ्या पिशवीत, दुधाच्या पिशव्या धुवून वाळवून चालतात, आत चिठ्ठी घाला. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, ऑईल लागलं की बॉलपेनचं अक्षर जातं.

गाडीचं नाक आता हलकं झालंय, म्हणून पुढे जॅक लावून आत काम करणार असाल तर घोडी नव्याने बसवून घ्या, इंजिन असताना लावलेल्या घोड्यांवर बॉडी आता नीट टेकलेली नसते. आणि बॉनेट घरात भिंतीला उभं करून ठेवणार असाल तर खाली गोणपाट घाला आणि वरून दोरीने खिळ्याला बांधा, माझं दुसऱ्याच रात्री मांजराने पाडलं.